मिठागरातले जीव आणि संशोधनातली कारकीर्द

सूक्ष्मजीवशास्त्रात संशोधक म्हणून उभे राहायचे असेल, तर आधी एखादा जीव स्वतःच्या हाताने नीट वाढवता आला पाहिजे, हे माझे मत गेल्या काही वर्षांत अधिकाधिक पक्के होत गेले आहे. एम.एस्सी.चे विद्यार्थी प्रोजेक्टची चौकशी करायला येतात तेव्हा त्यांच्यातले बहुतेक जण ‘मेटाजिनोमिक्समध्ये काही मिळेल का?’ असे विचारतात. ‘मला कल्चरवर, म्हणजे प्रयोगशाळेत जीव वाढवण्यावर, काम करायचे आहे’ असे म्हणणारा एखादाच निघतो. यात त्यांचा दोष नाही. नमुना आणायचा, त्यातला डीएनए काढायचा, तो सिक्वेन्सिंगला पाठवायचा आणि आलेली माहिती संगणकावर तपासायची, हे काम एका सत्राच्या प्रोजेक्टमध्ये बसते. त्याच नमुन्यातला एक जीव शुद्ध स्वरूपात हाती येईलच, अशी हमी मात्र तेवढ्या वेळात कोणीही देऊ शकत नाही. तरीही मी त्यांना या दुसऱ्या वाटेकडे वळवण्याचा प्रयत्न करते. त्यामागची कारणे प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहिलेली बरी.

माझे काम मिठात राहणाऱ्या जीवांवर चालते. कोकण किनाऱ्यावरच्या मिठागरांत एप्रिल-मे महिन्यांत वाफ्यांतले पाणी आटत जाते, त्यातले मिठाचे प्रमाण समुद्राच्या पाण्याच्या सात-आठ पट होते आणि पाण्याला गुलाबी-तांबूस छटा येते. ही छटा मुख्यतः हॅलोआर्किया या गटातल्या जीवांच्या रंगद्रव्यांची असते. सूक्ष्मदर्शकाखाली ते जिवाणूंसारखेच दिसतात आणि फार काळ त्यांची गणना जिवाणूंतच होत असे. परंतु कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये रायबोसोमच्या आरएनएची तुलना करून आर्किया ही जीवसृष्टीची वेगळीच शाखा असल्याचे दाखवून दिले. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत त्याचे कारण म्हणून पुढे आले ते हेच हॅलोआर्किया. वर्तमानपत्रांतल्या त्या बातम्यांमुळे अनेक विद्यार्थ्यांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला, याचा मला आजही आनंद वाटतो.

हे जीव वाढवणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे थोडे जवळून सांगते. नेहमीच्या न्यूट्रियंट अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या साध्या माध्यमावर, ते उगवत नाहीत. माध्यमात वीस ते पंचवीस टक्के मीठ, शिवाय मॅग्नेशियमचे क्षार घालावे लागतात. इतक्या मिठात अगार नीट विरघळायला वेळ लागतो. ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करण्याच्या यंत्रातून) काढलेले माध्यम गरम असतानाच प्लेटमध्ये ओतावे लागते, कारण ते हातात थंड झाले की गुठळ्या होतात. प्लेट ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये तशीच उघडी ठेवली तर काही दिवसांत पाणी उडून जाते आणि पृष्ठभागावर मिठाचे स्फटिक धरतात. नवख्या विद्यार्थ्याला त्याच कॉलनी, म्हणजे जीवांच्या वसाहती, वाटतात. म्हणून प्लेट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, ओल्या कापसासह डब्यात बंद करून ठेवतात. मग थांबायचे. आतड्यातला ई. कोलाय हा जिवाणू एका रात्रीत प्लेट भरून टाकतो. इथे दोन-तीन आठवड्यांनी टाचणीच्या डोक्याएवढे केशरी-लाल ठिपके दिसू लागले तरी समाधान मानावे.

त्यानंतर खरी परीक्षा सुरू होते. पहिल्या प्लेटवरची एक कॉलनी म्हणजे एकच जीव, असे गृहीत धरता येत नाही. लूपने (तारेच्या बारीक कडीने) तिचा अगदी थोडा अंश उचलून नव्या प्लेटवर चार भागांत स्ट्रीक करायचा, म्हणजे रेघा ओढून पसरायचा, पुन्हा थांबायचे, पुन्हा एक सुटी कॉलनी निवडायची आणि कॉलनींचा रंग, कडा, आकार सलग काही वेळा सारखे येईपर्यंत हेच करत राहायचे. ग्रॅम स्टेनिंगची, म्हणजे पेशी रंगवून ओळखण्याची, नेहमीची पद्धत इथे चालत नाही. मिठाची सवय असलेल्या या पेशींना साध्या पाण्याचा स्पर्श झाला की त्या फुटून जातात, त्यामुळे स्लाइड आधी सौम्य ॲसेटिक ॲसिडने स्थिर करून घ्यावी लागते. ज्याने एकदा डिस्टिल्ड वॉटरमध्ये पेशी धुवायला घेतल्या आणि नळीतला तांबूस गढूळपणा डोळ्यांदेखत नाहीसा होऊन चिकट द्रव उरलेला पाहिला, त्याला परासरण (पडद्यातून पाण्याचे दाट द्रावणाकडे जाणे) हा शब्द पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

या हातोटीला आज किती किंमत आहे, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि तो रास्त आहे. उत्तरादाखल मी त्यांना मिठागरांशीच जोडलेल्या दोन हकिकती सांगते.

पहिली हकिकत चौकोनी जीवाची आहे. सिनाई द्वीपकल्पातल्या खाऱ्या पाण्याच्या एका डबक्यात अँथनी वॉल्स्बी या ब्रिटिश शास्त्रज्ञाला पातळ, सपाट, टपाल तिकिटासारख्या चौकोनी पेशी तरंगताना दिसल्या आणि १९८० मध्ये त्याने त्यांचे वर्णन ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. पुढे जगभरच्या मिठागरांत या पेशी सापडल्या. अनेक ठिकाणी तर पाण्यातल्या सर्व जीवांत त्यांचीच संख्या सर्वाधिक होती. सूक्ष्मदर्शकाखाली त्या सहज ओळखू येत होत्या, पण प्लेटवर किंवा नळीत वाढायला तयार नव्हत्या. अखेर २००४ मध्ये युरोपातल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या दोन गटांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, पोषक द्रव्ये अगदी थोडी ठेवून आणि कित्येक आठवडे वाट पाहून त्या वाढवल्या. त्यानंतर २००७ मध्ये या जीवाला हॅलोक्वाड्रॅटम वॉल्स्बाय असे रीतसर नाव मिळाले. पहिल्यांदा दिसल्यापासून कल्चर हाती येईपर्यंत २४ वर्षे गेली. एखादा संशोधक एम.एस्सी. होऊन लागतो आणि विभागप्रमुख होतो, तेवढा हा काळ आहे.

दुसरी हकिकत क्रिस्परची, म्हणजे जनुकसंपादनाच्या तंत्रामागच्या यंत्रणेची. ती अधिक प्रसिद्ध असली, तरी तिचा आरंभ फारसा कोणी सांगत नाही. स्पेनमधल्या आलिकांते विद्यापीठात फ्रान्सिस्को मोहिका याने १९८९ मध्ये पीएच.डी.ला सुरुवात केली, तेव्हा त्याच्या हाती आला हॅलोफेरॅक्स मेडिटेरॅनिआय, म्हणजे जवळच्याच सांता पोला इथल्या मिठागरांतून वेगळा केलेला एक हॅलोआर्किया. वाढीच्या माध्यमातले मीठ कमी-जास्त केले की या जीवाच्या डीएनएवर एन्झाइमचे काप वेगळ्या तऱ्हेने पडतात, असे प्रयोगशाळेत दिसले होते आणि त्याचे कारण शोधणे हे त्याचे काम होते. तो डीएनए वाचताना त्याला ३० अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा आलेला दिसला. मध्ये साधारण ३६ अक्षरांचे, दर वेळी वेगळे असणारे अंतर. ई. कोलायमध्ये जपानी संशोधकांनी १९८७ मध्ये असेच काहीसे पाहिले होते, पण त्याचा अर्थ कोणालाच माहीत नव्हता.

मोहिकाने हा प्रश्न सोडला नाही. पीएच.डी.नंतर तो ऑक्सफर्डला गेला, आलिकांतेला परतला, आणि प्रयोगशाळेसाठी निधी व जागा दोन्ही तुटपुंजे असल्याने त्याने संगणकावर उपलब्ध असलेल्या जीनोमांत तोच नमुना शोधायला घेतला. या नमुन्याला क्रिस्पर हे नाव २००२ मध्ये रूढ झाले ते त्याने आणि नेदरलँड्सच्या रूड यान्सेनने मिळून ठरवले म्हणून. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, त्याच्या लक्षात आले की मधल्या अंतरांतले तुकडे विषाणूंच्या डीएनएशी जुळतात आणि ज्या विषाणूचा तुकडा जिवाणूकडे आहे, त्या विषाणूची त्याला बाधा होत नाही. सूक्ष्मजीवांना रोगप्रतिकाराची स्मृती असते, असा याचा अर्थ होता. ‘नेचर’ने हा लेख परीक्षकांकडे न पाठवताच परत केला, त्यानंतर आणखी काही नियतकालिकांनी तो नाकारला आणि अखेर फेब्रुवारी २००५ मध्ये ‘जर्नल ऑफ मॉलिक्युलर इव्होल्यूशन’मध्ये तो छापून आला. याच यंत्रणेतून एमान्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांनी २०१२ मध्ये जनुकसंपादनाचे तंत्र उभे केले आणि २०२० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

मोहिकाचे उत्तर संगणकावर सापडले, हे मी मुद्दाम सांगते, कारण माझा सिक्वेन्सिंगला विरोध आहे असा कोणाचा समज होऊ नये. त्याचा प्रश्न मात्र मिठागरातल्या एका जीवाला वाढवताना निर्माण झाला होता. माध्यमातले मीठ बदलले की काहीतरी वेगळे घडते, हे ज्याने तो जीव वाढवला त्यालाच दिसू शकते. डीएनएच्या याद्यांमधून आपल्याला तिथे कोण आहे हे कळते. तो जीव काय खातो, कशाने मरतो, शेजाऱ्याशी कसा वागतो, हे बरेचदा त्याला नळीत ठेवल्याशिवाय कळत नाही. कुष्ठरोगाचा जिवाणू हान्सेनने १८७३ मध्ये पाहिला, त्याचा संपूर्ण जीनोम २००१ मध्ये वाचून झाला, आणि तरीही तो कृत्रिम माध्यमावर आजतागायत कोणाला वाढवता आलेला नाही. जगात दर वर्षी नोंदल्या जाणाऱ्या कुष्ठरोगाच्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातले असतात, हे लक्षात घेतले तर हा प्रश्न आपल्या किती जवळचा आहे हे वेगळे सांगायला नको.

आता कारकिर्दीच्या हिशेबाकडे येते. जपानमध्ये हिरोयुकी इमाची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये समुद्रतळाचा अडीच किलोमीटर खोलीवरचा गाळ काढला, तो पॉलियुरेथेनचे स्पंज भरलेल्या रिॲक्टरमध्ये मिथेन देत वर्षानुवर्षे जोपासला आणि त्यातून वेगळा केलेला ॲसगार्ड गटातला आर्किया २०२० मध्ये जगासमोर मांडला. आपल्या सर्वांच्या पेशींचे मूळ ज्या गटाशी जोडले जाते, त्या गटातला हा पहिला वाढवलेला जीव. त्याची संख्या दुप्पट व्हायला दोन ते साडेतीन आठवडे लागतात. आपल्याकडे सीएसआयआर-यूजीसीची नेट ही परीक्षा जेआरएफसह उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला दोन वर्षे जेआरएफ (कनिष्ठ अधिछात्रवृत्ती) आणि तीन वर्षे एसआरएफ (वरिष्ठ अधिछात्रवृत्ती), अशी एकूण पाच वर्षे मिळतात. १ जानेवारी २०२३ पासून ही रक्कम अनुक्रमे दरमहा ३७,००० आणि ४२,००० रुपये आहे, घरभाडे भत्ता वेगळा. रक्कम पूर्वीपेक्षा बरी आहे. अडचण आहे ती मुदतीची: पहिले वर्ष कोर्सवर्क आणि विषय ठरवण्यात जाते, शेवटचे प्रबंध लिहिण्यात, मध्ये उरलेल्या वेळात शोधनिबंधही प्रसिद्ध झालेले हवेत. अशा वेळी कोणता शहाणा मार्गदर्शक विद्यार्थ्याला न वाढणारा जीव देईल?

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींमुळे ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी पीएच.डी.ला बसले आहे अशी कितीतरी मुले-मुली संशोधनाकडे वळली, आणि ही या राज्यातली फार मोलाची गोष्ट आहे. माझ्या माहितीतल्या अशाच एका विद्यार्थिनीला अधिछात्रवृत्तीची रक्कम महिनोन् महिने थकल्यामुळे शिकवण्या घ्याव्या लागल्या. प्लेट वेळेवर तपासायची तर रोज प्रयोगशाळेत यावे लागते. त्या काळात तिचे स्ट्रेन, म्हणजे तिने शुद्ध करून वाढवलेले जीव, तिच्या मैत्रिणींनी सांभाळले. कल्चरच्या कामाला खंड परवडत नाही. संगणकावरची फाइल तीन महिन्यांनी उघडली तरी जशीच्या तशी असते, पण कल्चर तसे राहत नाही. म्हणून पैसे वेळेवर मिळण्याचा आणि संशोधनाच्या गुणवत्तेचा थेट संबंध आहे, हे धोरण आखणाऱ्यांनी समजून घ्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पीएच.डी.नंतरच्या वाटा बहुतेकांना ठाऊक असतात. पोस्टडॉकसाठी दोन-चार वर्षे परदेशात जायचे आणि मग रामलिंगस्वामी, रामानुजन किंवा इन्स्पायर फॅकल्टी यांसारख्या फेलोशिपवर परत यायचे. लग्न, बाळंतपण किंवा घरच्या जबाबदारीमुळे खंड पडलेल्या स्त्रियांसाठी वाइज-किरण आणि बायोकेअर या योजना आहेत. ज्यांना अध्यापनात जायचे आहे ते नेट किंवा राज्याची सेट देतात आणि अनुदानित महाविद्यालयातली जागा निघण्याची वाट पाहत तासिका तत्त्वावर शिकवत राहतात. यातली शेवटची वाट सर्वात खडतर आहे. तासिकांच्या मानधनावर संसार चालवणारे आणि तरीही सुट्टीत स्वखर्चाने नमुने गोळा करणारे सहकारी मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

एक वाट मात्र विद्यार्थ्यांच्या यादीत क्वचितच असते, ती म्हणजे सूक्ष्मजीव संग्रहांची. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एनसीआयएम हा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राशी जोडलेले राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे, आघारकर संस्थेचा स्वतःचा संग्रह आहे. चंडीगडला १९८६ पासून एमटीसीसी हा संग्रह आहे. इथे जीव उणे ८० अंशांवर ग्लिसरॉलमध्ये किंवा निर्वात ॲम्प्यूलमध्ये शुष्क करून वर्षानुवर्षे जपले जातात, मागितल्यावर पाठवले जातात आणि पाठवण्यापूर्वी तो जीव तोच आहे याची खात्री केली जाते. एखाद्या उद्योगाला किण्वनासाठी स्ट्रेन हवा असतो, एखाद्या महाविद्यालयाला प्रात्यक्षिकासाठी. हे काम करणाऱ्या माणसाला शेकडो जीवांच्या आवडीनिवडी तोंडपाठ असाव्या लागतात. असे ज्ञान शोधनिबंधांच्या संख्येवरून मोजता येत नाही, आणि बढतीच्या वेळी मात्र नेमकी तीच संख्या विचारली जाते. माझ्या मते हा या क्षेत्रावरचा सर्वात मोठा अन्याय आहे.

नव्या प्रजातीला नाव देण्याच्या कामातही हेच दिसते. सोळा-एस आरआरएनएचे (रायबोसोमच्या आरएनएचे) सुमारे १५०० अक्षरांचे जनुक वाचून त्याचे साम्य ज्ञात प्रजातींशी ९८.७ टक्क्यांपेक्षा कमी आले, तर आपला जीव नवा असण्याची शक्यता बळावते. मग संपूर्ण जीनोमची तुलना करायची. तिथे सरासरी साम्य ९५-९६ टक्क्यांच्या खाली यावे लागते. त्यानंतर पेशीभित्ती, मेदाम्ले, वाढीचे तापमान, मिठाची आणि सामूची मर्यादा असा सगळा तपशील भरायचा. एवढे झाले तरी नाव वैध ठरण्यासाठी तो जिवंत स्ट्रेन दोन वेगळ्या देशांतल्या दोन संग्रहांत जमा करून त्यांची प्रमाणपत्रे जोडावी लागतात, आणि तो देशाबाहेर पाठवताना २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या तरतुदी व चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची कार्यपद्धती सांभाळावी लागते. या साऱ्याला दोन-तीन वर्षे सहज जातात. हाती येतो तो एक शोधनिबंध, ज्याचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे नियतकालिकाचे वजन दाखवणारा आकडा, पाहून निवड समितीतले लोक पान उलटतात. पण तो निबंध आणि तो स्ट्रेन पन्नास वर्षांनीही वापरला जाणार असतो. आघारकर संस्थेत भातखाचरांतून मिथेनवर जगणारे जिवाणू वेगळे करण्याचे काम झाले, त्यातून मेथिलोक्युक्युमिस हा काकडीच्या आकाराचा जिवाणू जगाला कळला. भातशेतीतून हवेत जाणाऱ्या मिथेनचा प्रश्न येत्या काळात जेव्हा ऐरणीवर येईल, तेव्हा आपल्याच मातीतले हे स्ट्रेन कपाटात असणे किती उपयोगाचे ठरेल, याचा विचार करून पाहावा.

त्यामुळे माझी मागणी साधी आहे. पीएच.डी.च्या मूल्यमापनात आणि नोकरीच्या अर्जात, मान्यताप्राप्त संग्रहात जमा केलेल्या आणि पुरेशा माहितीसह नोंदलेल्या स्ट्रेनला शोधनिबंधाच्या बरोबरीने नसले तरी ठळक स्थान मिळावे. शुद्ध कल्चर हा संशोधनाचा निष्कर्ष आहे, साधनसामग्री नव्हे. ज्या विभागांकडे थोडा स्थिर निधी आहे त्यांनी एखादे दीर्घ मुदतीचे कल्चर विद्यार्थ्याच्या नावावर न ठेवता विभागाच्या नावावर चालवावे, म्हणजे एक विद्यार्थी बाहेर पडला तरी पुढचा ते उचलून धरील आणि कोणाच्याही प्रबंधाचे भवितव्य त्यावर टांगलेले राहणार नाही. इमाचींच्या प्रयोगशाळेत जे शक्य झाले त्यामागे अशीच एक संस्था बारा वर्षे उभी होती.

विद्यार्थ्यांना मी सध्या एक मधला मार्ग सुचवते. पीएच.डी.चा कणा असा ठेवावा की पाच वर्षांत तो नक्की पूर्ण होईल. म्हणजे वाढायला फार त्रास न देणाऱ्या जीवावर. त्याच्या जोडीला एक अवघड जीव बाजूला चालू ठेवावा, महिन्यातून थोडे दिवस त्याच्यासाठी काढावेत, माध्यमात एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक अपयश तारखेसह वहीत उतरवावे. सिक्वेन्सिंग आणि संगणकावरचे विश्लेषण अवश्य शिकावे, कारण न वाढणाऱ्या जीवाला काय हवे असेल याचा अंदाज बरेचदा त्याच्या जीनोममध्येच मिळतो. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी येणाऱ्यांनी आणखी एक पाहावे: ज्या प्रयोगशाळेत जायचे तिथे जुन्या स्ट्रेनची यादी अद्ययावत आहे का आणि डीप फ्रीझरला वीज गेल्यावर पर्यायी पुरवठा आहे का. या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून तिथल्या मार्गदर्शकाविषयी पुष्कळ काही कळते.

मिठागरांच्या नमुन्यांवर काम करायची इच्छा असणाऱ्यांनी मार्चपूर्वीच आपल्या विभागाशी बोलून ठेवावे, मिठागराच्या मालकाची परवानगी घ्यावी आणि एप्रिलअखेरीस पहिले नमुने आणावेत. वाफ्यातले पाणी, तळाचा चिखल आणि तयार मिठाचे खडे असे तिन्ही वेगवेगळे घ्यावेत आणि तिथल्या तिथे क्षारता, तापमान व सामू मोजून बाटलीवर लिहावे. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की वाफ्यांत गोडे पाणी भरते, या पेशी फुटून जातात आणि पुढचा नमुना मिळायला पुन्हा उन्हाळा यावा लागतो.